मीच तिला जा म्हटलं

"चर्चा नाही, खरं आहे ते," बांगरे सर म्हणाले. "आणि नीट लिहून घ्या देवतळे, मीच तिला जा म्हटलं."

मी त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर बाकावर बसले होते, उजवा पाय लांब करून, घोट्यावर बर्फाची पिशवी धरून. उपांत्य सामना नुकताच संपला होता. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो होतो, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला उडी मारून खाली येताना माझा पाय दुसऱ्या एका मुलीच्या बुटावर पडून मुरगळला होता. बाकीच्या पोरी नळापाशी एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. शबनम माझ्यापुढे उकिडवी बसून बँडेजचं टोक शोधत होती. सरांचं वाक्य ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"कुठे जाऊन राहिली तू?"

सरांनी मला कुठेही जा म्हटलेलं नव्हतं. त्यांना यातलं काही माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

देवतळे हे आमच्या नागपुरातल्या एका दैनिकाचे क्रीडा वार्ताहर. शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि काखेत हेल्मेट. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सरांकडे. "म्हणजे ज्योत्स्ना हरडे बी.ए. अर्धवट सोडून सिकंदराबादला रेल्वेत जाणार, आणि तुमची त्याला हरकत नाही?"

"हरकत कसली? खेळायची वर्षं मोजकी असतात. इथे आणखी एक वर्ष काढून तिला काय मिळणार? कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा. निर्णय माझा आहे."

"पण सर, दोन वर्षांपूर्वी राजश्री ढोक बँकेत गेली तेव्हा तुम्ही..."

"राजश्रीचं राजश्रीपाशी," सर म्हणाले आणि स्कोअरशीट बघायला निघून गेले. जाताना त्यांची नजर माझ्या पायावर पडली. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

हे सगळं पंच्याण्णव सालच्या डिसेंबरातलं. मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बांगरे सर आमच्या कॉलेजचे क्रीडा शिक्षक. मी सातवीत असताना त्यांच्या उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा बास्केटबॉल हातात धरला, तेव्हापासून मी त्यांच्या हाताखालीच होते. बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, आणि त्यांच्यापासून कधी काही लपवलंही नव्हतं. ही रेल्वेची गोष्ट तेवढी लपवली.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांबरोबर सिकंदराबादला निवड चाचणी देऊन आले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. होईल असं वाटलंही नव्हतं. आणि त्या आठवड्यात, सोमवारी, नेमणुकीचं पत्र घरी आलं. तीन आठवड्यांत हजर व्हायचं, आधी वैद्यकीय तपासणी, मग नोकरी. पत्र मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालून ठेवलं. मंगळवारी मला वाटलं जावं. माझे बाबा डॉक्टर भिवापूरकरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाला सरकारी नोकरी नव्हती. बुधवारी वाटलं जाऊ नये. पुढच्या वर्षी मी कॅप्टन होणार होते, शबनम होती, सर होते, आणि सिकंदराबादेत मला एकही माणूस ओळखत नव्हता. असं दर दोन तासांनी माझं मन पालटत होतं.

शेवटी मी एक गोष्ट नक्की केली होती. फायनल होऊ द्यायची आणि मग सरांपुढे पत्र ठेवून विचारायचं, सर, काय करू? ते म्हणतील ते करायचं.

भीती होती ती राजश्रीमुळे. राजश्री ढोक आमच्या आधीची कॅप्टन. ऐन मोसमात मुंबईच्या एका बँकेने तिला खेळाडू म्हणून घेतलं आणि ती गेली. तेव्हा सर याच देवतळेंना म्हणाले होते, "या पोरींना खेळ पायरी म्हणून हवा असतो. एकदा वर चढल्या की पायरीला लाथ." पेपरात ते चौकटीत आलं होतं. त्यानंतर राजश्री सुट्टीत नागपूरला आली की कॉलेजसमोरचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने जायची. मी तिला एकदा तसं जाताना पाहिलं होतं.

आणि माझ्या बाबतीत मात्र सर म्हणत होते, मीच तिला जा म्हटलं!

शबनमने बँडेज गुंडाळलं, पण ते बांधताना ती इतकी जोरात ओढत होती की मी ओरडले.

"मला सांगितलं नाही तू," ती म्हणाली. "सरांना सांगितलं आणि मला नाही."

"अगं, सरांना पण नाही सांगितलं."

"मग ते काय स्वप्नात आलं त्यांच्या?"

तिला माझं खरं वाटलं नाही. मलाही ते बोलताना खोटंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात माझा फोटो होता. "हरडे रेल्वेत, प्रशिक्षकांचाच आग्रह." बाबा दवाखान्यात जायच्या आधी चहा पीत पेपर वाचत होते. त्यांनी बातमी दोनदा वाचली, मग पेपरची व्यवस्थित घडी घालून तो आईच्या हातात दिला.

"बाबा, सरांना कुणी सांगितलं असेल?"

"अशा गोष्टी काय लपून राहतात का बेटा? रेल्वेतूनच कुणी फोन केला असेल त्यांना. खेळातली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात." ते उठून चपला घालू लागले. "चांगलं बोलले ना सर? मग झालं. आता तुला मोकळं झालं."

"पण मी अजून ठरवलं नाही."

बाबा चपलेच्या अंगठ्यात बोट अडकवत होते. ते वर न बघता म्हणाले, "आता काय ठरवायचं राहिलं? पेपरात आलं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फोटो बाकी छान आला हो."

मी लंगडत कॉलेजला गेले. घोटा सुजून संत्र्याएवढा झाला होता, पण चालता येत होतं. गेटपासून कोर्टापर्यंत जाईतो सहा जणांनी माझं अभिनंदन केलं. त्यातल्या दोघी मला ओळखतही नव्हत्या. सर जाळीच्या दाराच्या खोलीत, जिथे आमचे चेंडू ठेवलेले असत तिथे, एका चेंडूत पंपाने हवा भरत होते.

"सर, आत येऊ?"

"पाय कसा आहे?"

"ठीक आहे. सर, तुम्ही काल पेपरवाल्यांना..."

"ते झालं आता." ते चेंडू जमिनीवर आपटून पाहत होते. "त्यात बदल करू नको. कुणीही विचारलं तरी हेच सांग. सरांनी सांगितलं म्हणून जाते. कॉलेजातल्या कुणी विचारलं, अगदी प्राचार्यांनी विचारलं, तरी हेच."

"पण सर, मी तुम्हाला विचारायला..."

"मला विचारायची गरज नाही. समजलं मला." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मला पुढे बोलवेना. राग म्हणावा तर राग नव्हता. "जा तू. जायचं तर नीट जायचं, मागे बघत बघत नाही जायचं. डोक्यात दुसरं काही ठेवू नको."

मी तिथे बहुतेक दोन-तीन मिनिटं उभी होते. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा विचारावं, तुझं काय म्हणणं आहे? ते दुसरा चेंडू घेऊन त्यात हवा भरू लागले. पंपाची पिन बसेना. ती त्यांनी दोनदा पुसली. मी परत फिरले.

त्या दिवशी माझ्या मनाने एक अर्थ लावला. सरांना मी नकोशी झाले आहे. राजश्री त्यांना सोडून गेली, त्याचा सगळ्यांना बोभाटा झाला. आता दुसरी कुणी त्यांना सोडून जायच्या आत त्यांनीच तिला काढून टाकलं, म्हणजे सोडून गेली असं कुणी म्हणणार नाही. हा अर्थ मला इतका पटला की मग बाकीचं सगळं त्यातच बसायला लागलं.

शनिवारी दुपारी चारला फायनल होती. आमच्याच कोर्टवर. चार वर्षांनी आमचं कॉलेज फायनलला आलं होतं. भोवती सगळीकडे मुलं-मुली उभी, काही भिंतीवर चढून बसलेली. समोर धंतोलीकडच्या एका कॉलेजचा संघ, तीन वर्षांचा विजेता. मी पाय घट्ट बांधून, बूट चढवून तयार होते. दुखत होतं, पण ते दुखणं मला माहीत होतं. असल्या पायाने मी पूर्वीही खेळले होते.

सरांनी पहिल्या पाच नावांत माझं नाव घेतलं नाही.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शबनम म्हणाली, "सर, ज्योती?"

"माझ्या लक्षात आहे," सर म्हणाले. "चला, कोर्टवर."

हाफटाइमला आम्ही सहा गुणांनी मागे होतो. चेंडू पुढे नेऊन वाटायचं काम माझं असायचं. माझ्या जागी प्रथम वर्षाची एक मुलगी होती, ती घाबरून चेंडू मिळेल त्याच्याकडे फेकत होती. प्रेक्षक ओरडायला लागले, "हरडेला घ्या! हरडेला घ्या!" मी उठून सरांजवळ गेले.

"सर, मी खेळते. पाय दुखत नाही."

"बस खाली."

"सर, चार वर्षांनी आलोय आपण इथवर."

"ज्योत्स्ना, बस म्हटलं ना."

मी बसले. दुसऱ्या भागात पोरींनी जीव तोडून खेळ केला. शबनमने एकटीने चौदा गुण केले, एकदा तर आम्ही एका गुणाने पुढेही गेलो. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा भिंतीवरची मुलं सरांना नावं ठेवू लागली, तीही मोठ्याने, नाव घेऊन. सर हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आम्ही चार गुणांनी हरलो. मी त्या पूर्ण सामन्यात एक मिनिटही कोर्टवर नव्हते.

देवतळे आलेच. "सर, हरडेला का बसवलं? दुखापत आहे का तिला?"

"दुखापत कसली? ठणठणीत आहे ती."

"मग?"

"जी जाणार आहे तिच्या भरवशावर किती दिवस खेळायचं? बाकीच्यांना शिकायला नको? पराभवाची जबाबदारी माझी. एवढंच लिहा."

शबनम तोंडावर टॉवेल घेऊन बसली होती. तिने तो खाली केला आणि मला म्हणाली, "ऐकलं ना? आता जाच तू. इथे राहून काय करशील?"

मग मी गेले. निर्णय असा मी घेतलाच नाही, मी नुसती गेले. बारा दिवसांनी बाबा आणि मी गाडीत बसलो. स्टेशनवर शबनम आली होती, तिने डब्यात तिळाच्या वड्या दिल्या आणि खूप रडली. सर आले नाहीत. सिकंदराबादला रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वजन, उंची, डोळे सगळं पाहिलं. मग मला चालायला लावलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या, दोन्ही घोटे अंगठ्याने दाबून पाहिले. कागदावर सही केली. आठवड्याने मी एका कार्यालयात टेबलामागे बसले आणि संध्याकाळी नव्या कोर्टवर नव्या मुलींबरोबर धावायला लागले.

अकरा वर्षं मी रेल्वेकडून खेळले. बऱ्यापैकी खेळले. पहिली दोन वर्षं मी सरांना दिवाळीला पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर यायचं, चार ओळी, पत्ता स्वच्छ अक्षरात. मग मीच बंद केलं. नागपूरला जायचे तेव्हा कॉलेजवर जायचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढायचे. एकदा रिक्षावाल्याने त्या रस्त्याने रिक्षा घेतली तर मी त्याला मागच्या गल्लीने घ्यायला सांगितलं, आणि सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. तरीही रिक्षा गल्लीनेच घ्यायला लावली.

एकोणीस वर्षांनी शबनमचा फोन आला. ती आता नागपुरातच एका शाळेत खेळ शिकवते. म्हणाली, सरांची बायपास झाली, घरी आणलंय, ये एकदा. मी नाही म्हणणार होते. ती म्हणाली, "बास झालं आता ज्योती. म्हातारे झाले ते."

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. अंगाने अर्धे झालेले, आवाज तोच. त्यांच्या पत्नीने, बाईंनी, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "यांना फार बोलू देऊ नको." थोडा वेळ ऑपरेशनचं, औषधांचं बोलणं झालं. मग शबनम बाईंना मदत करायला आत गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

"पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेचना ते कशाबद्दल विचारताहेत. "कोणता पाय सर?"

"उजवा. त्या फायनलच्या वेळचा."

"तो तेव्हाच बरा झाला."

"बरा झाला कारण मी तुला बसवली." ते हसले. हसताना छातीवर हात ठेवावा लागत होता. "सुजलेल्या पायाने तू चाळीस मिनिटं धावली असतीस तर मेडिकलला काय घेऊन गेली असतीस? डॉक्टर म्हणाला असता, बरा झाल्यावर या. असं नंतर कुणी बोलावतं का? आणि पेपरात दुखापत म्हणून छापून आलं असतं तर तेही रेल्वेवाल्यांनी वाचलंच असतं. म्हणून त्या देवतळेला म्हटलं, ठणठणीत आहे."

भिंतीवर चढलेली मुलं, त्यांच्या त्या शिव्या, सरांची हाताची घडी, सगळं होतं तसंच होतं आणि तरी दुसरंच काहीतरी झालं होतं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही सर?"

"तुला सांगितलं असतं तर तू बसली असतीस? तू मला ओळखतेस, मी तुला ओळखतो. कोर्टवर गेली असतीस पळत." ते थोडे थांबले. "आणि तुझ्या बाबांना शब्द दिला होता."

"बाबांना?"

"उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी आले होते ना, कॉलेजवर. दवाखान्यातून सुट्टी काढून. हात जोडून उभे राहिले. मला कसंतरीच झालं. म्हणाले, सर, पोरीचं रेल्वेत झालं आहे, तिचं जायचं ठरलं आहे, पण तुमच्या तोंडावर सांगायची तिची हिंमत नाही. झोप उडाली आहे तिची. राजश्रीबद्दल बोललात तसं माझ्या पोरीबद्दल बोलू नका." सरांनी पांघरुणाचा काठ बोटांनी सरळ केला. "राजश्रीच्या बँकेत कुणीतरी ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं होतं. माहीत आहे तुला? तिच्या आईने सांगितलं मला, पुढे वर्षभराने. मी रागात बोललो होतो. एक वाक्य. पोरीने खेळ सोडला त्यापायी. तुझे बाबा तसं म्हणाले आणि माझ्याने मान वर करवेना. म्हटलं, हिच्याबद्दल कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही. मीच पाठवतो म्हटलं की संपलं. जे काही बोलतील ते मला बोलतील."

"बोललेही," मी म्हणाले.

"बोलले. कप घालवला म्हणून संस्थेने दोन वर्षं मला संघाजवळ येऊ दिलं नाही. ते जाऊ दे."

इतकी वर्षं मी ज्या माणसावर रुसून होते, तो माझ्यासमोर उशीला टेकून बसला होता, आणि मला आनंद व्हायला हवा होता, किंवा लाज वाटायला हवी होती. दोन्ही थोडं थोडं वाटत होतं. पण त्या दोन्हींच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"सर, पण माझं ठरलं नव्हतं."

"काय ठरलं नव्हतं?"

"जायचं. फायनल झाली की मी तुम्हालाच विचारायला येणार होते."

सरांनी उशीवरून मान उचलली. आतून कपबशांचा आवाज येत होता. त्यांचा चेहरा हळूहळू असा बदलत गेला की मला त्या क्षणी माझे शब्द परत घ्यावेसे वाटले.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुला जायचं नव्हतं?"

त्यांची छाती वर-खाली होताना पांघरुणातून दिसत होती. बाई चहा घेऊन दारात आल्या होत्या, शबनम त्यांच्यामागे.

"होतं सर," मी म्हणाले. "जायचंच होतं. बाबा खरं बोलले. मला तुमची भीती वाटत होती, एवढंच."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाले. "मग ठीक झालं."

तिथून मी थेट घरी गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. आई शेजारी गेली होती. बाबा ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते, पण पानं खुडताना त्यांची बोटं अजून पुड्या बांधल्यासारखी चटचट चालायची. मी त्यांच्या समोर बसले.

"बाबा, तुम्ही सरांकडे गेला होता. फायनलच्या आधी."

त्यांची बोटं चालत राहिली. "त्यांनी सांगितलं?"

"हो."

"बरे आहेत ना ते?"

"बाबा, माझं ठरलं आहे असं तुम्ही त्यांना सांगितलं. माझं ठरलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं." त्यांनी एक जून काडी बाजूला टाकली. "तू सरांना विचारणार होतीस. तुझ्या आईला म्हणत होतीस, मी ऐकलं. आणि सर म्हणाले असते, एक वर्ष थांब, डिग्री घे, मग जा. चांगला माणूस आहे, चांगलंच सांगितलं असतं त्याने. आणि तू थांबली असतीस. थांबली असतीस ना?"

"मला माहीत नाही."

"मला माहीत होतं. म्हणून तर गेलो." ते आता थांबले. हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "मी आयुष्यात कुणाशी खोटं बोललो नाही ज्योत्स्ना. औषधात पाणी घालायला सांगायचे पूर्वीचे डॉक्टर, मी नोकरी सोडली पण ते केलं नाही. तेवढं एकदाच बोललो, आणि ते झाकायला मग तुझ्याशी. सर इतके सरळ, त्यांनी एकदा उलट विचारलं नाही. लगेच हो म्हणाले. तेव्हा मला फार वाईट वाटलं. रस्त्यात सायकलवरून उतरून उभा राहिलो होतो. परत जावं असं वाटत होतं."

"मग?"

"मग दवाखान्याची वेळ झाली."

ते पुन्हा मेथी निवडायला लागले, पण आता नुसतीच पानं इकडून तिकडे करत होते. मग म्हणाले, "सरांना काय सांगितलंस तू?"

"सांगितलं की मला जायचंच होतं."

"बरं केलंस." थोड्या वेळाने पुन्हा, "फार बरं केलंस."

मला वाटलं बोलणं संपलं. मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून मला बसवलं. त्यांच्या बोटांना मेथीचा वास येत होता.

"आणि खरं काय?" ते म्हणाले. "जायचं होतं, की नव्हतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी जे विचारलं त्याच्यात त्यांना उत्तर आधीच हवं होतं. बाबा तसं विचारत नव्हते. मी तोंड उघडलं. पत्र घातलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक आठवलं, तो मंगळवार आठवला आणि बुधवारही आठवला. अकरा वर्षांचे सामने आठवले, त्यातला एकही मला नको होता असं नाही. कोर्टच्या कडेचा तो बाकही आठवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी "बाबा" म्हटलं आणि मेथीची एक काडी हातात घेतली.

"सांग ना," बाबा म्हणाले. त्यांनी मेथीचा कागद बाजूला सारला आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसले. कितीही वेळ लागला तरी ऐकायला तयार असल्यासारखे.